परत आलेले चष्मे

प्रिय ठमे,

पत्र बघून तू आधी हसशील. एरवी दिवसाआड फोन करणारा माणूस कागद-पेन घेऊन बसलाय म्हणजे काहीतरी बिनसलंय, हेही तुला लगेच कळेल. फोन दोनदा हातात घेऊन खाली ठेवला. फोनवर मी तोंड उघडायच्या आत तूच माझी समजूत काढायला लागतेस, आणि मला ते इतकं सोयीचं पडतं की पुढचं राहूनच जातं. म्हणून हे कुरियरनं पाठवतोय. बुधवारपर्यंत मिळेल, शुक्रवारच्या आत.

इकडे तसं ठीक. मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. हाताखाली तीन माणसं आहेत. कुठल्या हॉस्पिटलात काय सामान कमी पडतं, कुठे काय नुसतं पडून राहतं, याचे आकडे दिवसभर बघायचे. काम येतं गं मला आता, खोटं नाही सांगत. पण कुणी ‘कुठे शिकलात’ विचारलं की मी विद्यापीठाचं नाव सांगतो, तुझं सांगत नाही.

गेल्या महिन्यात त्याच विद्यापीठानं मला नव्या विद्यार्थ्यांशी बोलायला सांगितलं होतं. घरबसल्या पदवी घेऊन चांगल्या पगाराची नोकरी कशी मिळवावी, असा विषय. पडद्यावर दोनेकशे चेहरे, त्यात एक बाई कडेवर पोर घेऊन वहीत उतरवून घेत होत्या. मी चाळीस मिनिटं नाकानं कांदे सोलले. ज्या कामाला माणसं कमी पडतात ते आधी शोधा, रोज ठरल्या वेळी बसा, प्रकल्प आपल्या आसपासचाच निवडा. त्या बाईंनी विचारलं, तुम्हाला चष्म्यांचा विषय कसा सुचला? मी म्हणालो, सहज एकदा चष्म्याच्या दुकानात गेलो होतो. सहज! तू सात वर्षं त्या काउंटरला उभी आहेस.

गोदामातली पाळी संपवून मी सकाळी यायचो, आठवतं? तू स्वयंपाकाच्या टेबलावर लॅपटॉप लावून बसलेली असायचीस. एक इअरफोन तुझ्या कानात, एक माझ्या. मी पेंगलो की टेबलाखालून लाथ बसायची. दुकान उघडायच्या आत तू मला सगळा धडा पुन्हा समजावायचीस, आणि तो विषय तुझा नव्हताच. दोघांनी एकदम नाव घालणं झेपणार नव्हतं, तेव्हा आधी दादा मग मी, हे तूच ठरवून टाकलंस. आईनंही मान हलवली. मी तर काय, आधीच बसलो होतो खुर्चीत. परीक्षा मात्र मी माझ्या दिल्या. कॅमेरा चालू असायचा, खोलीत दुसरं कुणी चालायचं नाही, म्हणून तू तीन-तीन तास जिन्यात बसून राहायचीस.

आणि शेवटचा प्रकल्प. तीन आठवडे उरले होते आणि माझ्याकडे कोरा कागद. तू दुकानातली ती जाडजूड वही घरी घेऊन आलीस, परत आलेल्या चष्म्यांची. नंबर बरोबर नाही, डोकं दुखतं, पायरी वर-खाली दिसते, असं म्हणून लोकांनी परत आणलेले. दोन वर्षांच्या नोंदी तू एकेक करून लॅपटॉपवर भरल्यास आणि शोधून काढलंस की, परत येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांचे डोळे संध्याकाळी पाचनंतर तपासलेले होते. डोळे तपासणाऱ्या मास्तरांवर बालंट नको म्हणून तू शेवटी लिहिलंस की चूक माणसाची नाही, थकव्याची आहे, त्यांना दुपारी बसायला अर्धा तास द्या. मालकांनी दिला, आणि चष्मे परत येणं कमी झालं. मी वरच्या पानावर माझं नाव घातलं. तू म्हणालीस, आयत्या बिळावर नागोबा. तू हसलीस म्हणून मीही हसलो. त्यावर आपलं एवढंच बोलणं झालं. नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही, चष्म्यांचंच विचारत राहिले.

मग तुझी पाळी आली. दुकान सांभाळून तीन वर्षं त्याच विद्यापीठात शिकलीस, तुला लाथ मारून जागं करायला कुणी नव्हतं. प्रकल्पाच्या वेळी तू मला विचारलंस, चष्म्यांचंच पुढे नेऊ का, आता सात वर्षांच्या नोंदी आहेत. मी कसलीशी फाइल बघत होतो. म्हणालो, ने की, कोण बघतंय. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिथे आलेला प्रत्येक प्रकल्प मशिनवर जुन्या प्रकल्पांशी ताडून बघतात, हे मला पक्कं माहीत होतं. पुढे त्या दोनशे लोकांनाही मी ते बजावून सांगितलं. तुझी चौदा पानं माझ्याशी जुळली आणि तुझ्यावर नक्कल केल्याचा ठपका आला. निकाल अडकला. शुक्रवारी तीन प्राध्यापकांसमोर सुनावणी. ठपका कायम झाला तर तीन वर्षं पाण्यात, आणि डोळ्यांच्या हॉस्पिटलातली ती नोकरी, जी फक्त तुझ्या पदवीसाठी थांबलीय, तीही गेली.

तू फोनवर काय म्हणालीस ते मला झोपेतही ऐकू येतं. म्हणालीस, घाबरू नकोस दादा, तुझ्या नोकरीला धक्का लागेल असं काही बोलणार नाही. भावाचं बघून लिहिलं, चुकले, माफ करा म्हणेन. मी म्हणालो, बरं. नुसतं बरं. वर विचारलं, जेवलीस का.

ताकाला जाऊन भांडं लपवणं आता पुरे. तुला वाटतंय की हे सगळं मशिनानं केलं. मशिन नुसती खूण करतं, ठमे. ठपका ठेवण्याआधी ते जुन्या विद्यार्थ्याला विचारतात. मला विचारलं होतं, तुझा फोन यायच्या चार दिवस आधी. दोन प्रश्न होते. हे काम पूर्णपणे तुमचंच आहे का? मी लिहिलं, हो. ते तुम्ही या विद्यार्थिनीला वापरायला दिलं होतं का? मी लिहिलं, नाही, घरातल्या लॅपटॉपवरून तिनं न विचारता घेतलं असावं. ते शेवटचं वाक्य कुणी मागितलंही नव्हतं, मीच आपणहून जोडलं. तू चोर ठरलीस ती माझ्या त्या वाक्यानं. मला लाज वाटते, एवढं लिहून भागत नाही, पण दुसरा शब्द माझ्याकडे नाही. आज सकाळी विद्यापीठाला खरं काय ते सगळं लिहून पाठवलं. तुझ्या अक्षरातली कच्ची पानं आईच्या कपाटात होती, त्यांचे फोटो तिच्याकडून मागवून सोबत जोडले. दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तोंडानं सांगितलं. त्यांनी माझं ओळखपत्र ठेवून घेतलं आणि घरी जा म्हणाले. माझी पदवी राहील असं वाटत नाही. तू हे वाचून चिडशील, चीड, हवं तितकं चीड. पण मी तुला ओळखतो, तासाभरात तुझा राग उतरेल आणि माझ्यासाठी काय सांगता येईल याची जुळवाजुळव तू सुरू करशील. ते करू नकोस. शुक्रवारी ते विचारतील, हे काम कुणाचं. माझं आहे म्हण, आणि गप्प बस.

तुझाच,
दादा