पेन द्यावा, टोपण ठेवावे

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ११.१०
साक्षीचं कुरिअर आलं. दिवाळीच्या सुटीत ती स्वतःच मंठ्याला येणार होती, पण जावयांच्या ऑफिसात ऐनवेळी काम निघालं. सूरजराव पुण्यात मोठ्या कंपनीत आहेत. अशा माणसांना कामं निघतातच. मला काही वाटलं नाही.
पार्सलमध्ये चिवडा आणि पेन. काळा, वजनदार, टोपणाचा, सोनेरी क्लिपचा. मखमली डबीत. क्लिपवर इंग्रजीत बारीक नाव कोरलंय. चांगल्या मालावर नाव असतंच.
मुलीला बापाची आवड बरोबर कळते. चिवडा अजून उघडला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ९
प्रश्न असा आहे की, हा पेन ठेवायचा कुठे? चांगले कपडे घालणाऱ्या माणसाने चांगला पेन अंगावर नेमका कुठे बाळगावा, यावर मराठीत काहीच लिहिलेलं दिसत नाही. मंठ्यात नीट कपडे घालणारी माणसं मोजून तीन. एक मी. बाकी दोन सध्या आठवत नाहीत.
ठरवलं ते असं. या विषयावर लेख लिहायचा. त्यासाठी प्रत्येक जागा स्वतः वापरून बघायची. रोज इस्त्रीचाच शर्ट. आणि साक्षीला आपणहून फोन करायचा नाही, ती कामात असते.

त्याच दिवशी, ९.४०
साक्षीला फोन केला. पेन पोचल्याचं कळवणं याला फोन करणं म्हणत नाहीत. उचलला नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार
जागा पहिली: शर्टचा खिसा. अत्यंत सामान्य जागा, पण सुरुवात सामान्यापासून करावी.
तहसीलसमोर चपलेचा पट्टा नीट करायला वाकलो. चष्मा, मोबाईल, पेन, आधार कार्ड, सगळं रस्त्यावर. एका मुलीने मोबाईल उचलून दिला, चष्मा उचलून दिला आणि म्हणाली, आजोबा, पेन बी पडलाय तुमचा. म्हणजे पेन सगळ्यात शेवटी. आणि आजोबा!
घरी आल्यावर पाहिलं, टोपण सैल झालं होतं. खिशाखाली लिंबाएवढा निळा डाग. माझी बायको बेबीनंदा असती तर दही चोळून तासाभरात काढला असता, आणि तासभर बोललीही असती. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मी दही आणलं, पण ते भाताबरोबर संपलं.
शर्टचा खिसा: नापास.

२९ ऑक्टोबर, बुधवार
जागा दुसरी: कोटाचा आतला खिसा. साक्षीच्या लग्नात शिवलेला कोट काढला. कापड आटलंय, बटणं लागत नाहीत. भर ऑक्टोबरात घालून बाजारातून एक फेरी मारली. घामाघूम झालो, पण जागा एकदम खानदानी. दोष एकच, पेन कोणाला दिसत नाही. दिसण्यासाठी कोट उघडून दाखवावा लागतो. दोघांना दाखवला. दुसरा म्हणाला, घड्याळं इकून राह्यले का साहेब?

३० ऑक्टोबर, गुरुवार
जागा तिसरी: पँटचा मागचा खिसा. बसलो. लगेच उठलो. जास्त लिहीत नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
पप्पू टेलरकडे गेलो. सफारीला डाव्या बाजूला खास पेनाचा अरुंद कप्पा पाहिजे म्हणालो. तो म्हणाला, साहेब, आता पेन कोन ठेवतं? मोबाईलचा करून देतो बराबर. मी त्याला अर्धा तास विषय समजावून सांगितला. त्याचं शिवणयंत्र चालूच होतं. शेवटी म्हणाला, पेनाच्या कप्प्याला माप लागंल, पेन ठिवून जा. मी पेन ठेवून जाणारा माणूस नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी
काखेत कळसा आणि गावाला वळसा. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. कोटाच्या वरच्या खिशात, छातीवर, पेन. सगळ्यांना दिसेल असा. बालपणापासून रोज बघतोय आणि मी पप्पूला विचारत फिरतोय.
फोटो बघताना आबा आठवले. माझे वडील. सालगड्याचं काम, अक्षराची ओळख नाही, सगळीकडे अंगठा. पण आठवडी बाजाराला निघताना सदऱ्याच्या खिशाला पेन लावल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. पेनात कांडी नव्हती. मीच शाळेत वापरून संपवलेला तो. कोणी लिहायला मागितला की म्हणायचे, माझा न्हाई, लेकराचा हाय, लेकरू शिकून राह्यलंय. मला तेव्हा लाज वाटायची.
असो. लेखाचा आणि याचा संबंध नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपारी २.३०
आज बँकेत गेलो. नोव्हेंबरात पेन्शनर लोकांनी जाऊन यादीत आपल्या नावासमोर सही करायची असते. हयातीचा दाखला. माणूस जिवंत आहे हे त्यावरून सरकारला कळतं. महिनाअखेरपर्यंत केलं नाही तर पेन्शन थांबते. यादी अजून आली नव्हती.
पण एक गोष्ट झाली. सफारीच्या वरच्या खिशात पेन छातीवर लावलेला. स्लिपा भरायच्या टेबलापाशी उभा होतो तोच एक जण म्हणाला, काका, पेन द्या जरा. दिला. त्याच्यामागून दुसरा. मग एक बाई. बँकेतला दोरीला बांधलेला पेन गायब झालाय, त्याची नुसती दोरी राहिलीय.
अकरा ते दोन या वेळात नऊ माणसं माझ्याशी बोलली. नऊ!
दिवाळीपासून आजपर्यंतची मिळून बेरीज काढली नाही. काढायची नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं सूत्र सापडलं: पेन द्यावा, टोपण आपल्याकडे ठेवावे. टोपणाशिवाय पेन पळवण्यात कोणाला गंमत वाटत नाही. शिवाय टोपण हातात धरून उभं राहिलं की माणूस कोणाची तरी वाट बघतोय असं दिसतं. उगाच उभा आहे असं दिसत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
रोज बँकेत जातोय. निरीक्षणासाठी. लेखाला आकडेवारी लागते.
झुंबरबाई नावाची एक म्हातारी आहे. जवळच्या खेड्यातून जीपने येते. तिच्या खात्याचं केवायसी चार दिवसांपासून अडलंय. तिला लिहिता येत नाही, म्हणून स्लिप, अर्ज सगळं मीच भरतो. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, आधार नंबर आता मला पाठ आहे. जाताना म्हणाली, अक्षर कसं मोत्यावानी हाय हो भाऊ.
असणारच. बत्तीस वर्षं शाळेत लिपिक होतो. अर्ध्या मंठ्याचे शाळा सोडल्याचे दाखले माझ्या हातचे आहेत. लिहायचं मी, खाली सही हेडमास्तरांची. असे सात हेडमास्तर झाले. सगळ्यांच्या सह्या कोंबडी नाचल्यासारख्या.

१० नोव्हेंबर, सोमवार
बँकेसमोर जिनेंद्रशेठचं स्टेशनरीचं दुकान आहे. चांगला माणूस, पण व्यापारी. पेन दाखवला. क्लिप वाचून म्हणाला, सर, ये तो कंपनीचं नाव आहे. दिवाळीला गिफ्ट देतात ना, शंभर-शंभरची ऑर्डर असते, मीच जालन्याच्या एका बियाणेवाल्याला दिले ह्या साली.
मी म्हणालो, माझ्या मुलीने निवडून घेतलाय. तो लगेच म्हणाला, हो हो, असेल, बिलकुल असेल, आणि चहा मागवला. चहा मागवायची गरज नव्हती.
क्लिपवरचं नाव सूरजरावांच्या कंपनीचंच आहे. त्यात काय? कंपनी त्यांची, पेन त्यांचा, म्हणजे घरचाच झाला. उलट जास्तच जवळचा.
क्लिप खिशाच्या आत आणि पेन बाहेर असं लावता येतं का, ते बघितलं. येत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
साक्षीचा फोन! तिने आपणहून केला. चार मिनिटं. म्हणाली, पप्पा, हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, बँकेत कशाला हेलपाटे घालता, मी पुण्यातून सांगते तसं करा, पाच मिनिटांचं काम आहे.
मी स्पष्ट सांगितलं, मी जिवंत आहे हे मोबाईलला तोंड दाखवून सिद्ध करणार नाही. सही करीन, तुझ्या पेनाने करीन. ती म्हणाली, कोणता पेन?
मग तिला आठवलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
या पेनाला माझी जुनी सही शोभत नाही. ‘रा. भि. खरात’, सरळ एका ओळीत, हजेरीपटावर करायची सही. नवीन सही तयार करतोय. ‘रा’ला मोठा वळसा, ‘त’ची शेपटी मागे नेऊन संपूर्ण नावाखालून रेघ, शेवटी दोन टिंबं. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची मागची बाजू वापरली. मार्चपर्यंत पानं संपली.

१९ नोव्हेंबर, बुधवार
बँकेत यादी आली. पहिल्याच दिवशी जाऊन गर्दीत सही उरकणं बरं दिसत नाही. सत्तावीस तारीख ठरवली. गुरुवार, बाजाराचा दिवस नाही. सफारी इस्त्रीला दिली.
झुंबरबाईने आज बोरं आणली. फडक्यात बांधून. साक्षीला सांगायला फोन केला होता. मीटिंगमध्ये होती.

२३ नोव्हेंबर, रविवार
बँक बंद. रविवार फार लांबतो. कॅलेंडर संपलं, आता सही डोळे मिटून येते. चिवडा उघडला. वास लागलाय, पण खाल्ला.
लेखाची पहिली ओळ लिहिली: ‘पेन हा माणसाची ओळख असतो.’ पुढचं सुचेना.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ८
अंघोळ, दाढी, सफारी. पेन छातीवर. आरशात पाहिलं. बेबीनंदा म्हणाली असती, कुठं मुलगी बघायला निघालात का काय.

त्याच दिवशी, दुपारी ४
घडलं तसं लिहितो.
यादी कनिका मॅडमकडे होती. नवीन ऑफिसर, महिनाभरापूर्वीच आलेली, वयाने साक्षीएवढी. पेन काढला, टोपण खिशाला लावलं, सही केली. आयुष्यातली सर्वात सुंदर सही. मॅडमने कॉम्प्युटरवर बघितलं, यादीवर बघितलं आणि म्हणाली, काका, ही जुळत नाहीये. नेहमीची करा.
नेहमीची करायला गेलो. ‘रा’ला आपोआप वळसा आला. दुसरी केली. शेपटी मागे वळली. कोऱ्या कागदावर पाच केल्या. बत्तीस वर्षांची सही हातातून गेली ती गेली. सहावी तर कोंबडी नाचल्यासारखी आली.
मॅडम चांगली आहे, ओरडली नाही. म्हणाली, तुम्हाला ओळखणारं कोणी आहे का इथे?
मी म्हणालो, सगळा मंठा ओळखतो. जिनेंद्रशेठला फोन लावला, तो लग्नाला वाशिमला. जुने सहकारी सर्जेराव यांना लावला, ते मुलाकडे राहायला गेलेत, परत कधी येणार ते त्यांनाही माहीत नाही. साक्षीला लावला. बिझी होता.
मग मी मागे वळून पाहिलं. बँक भरलेली होती. निम्म्या लोकांच्या स्लिपा मी लिहिलेल्या. मला त्यांची नावं माहीत आहेत, खाते क्रमांक माहीत आहेत. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. मला फार एकटं वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे.
तेवढ्यात झुंबरबाई पुढे आली. मॅडमला म्हणाली, म्या वळखते की ह्यान्ला. रोज येत्यात. लई भला मानूस हाय. मॅडम म्हणाली, बरं आजी, नाव सांगा यांचं.
झुंबरबाई थांबली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, नाव काय हो भाऊ तुमचं?
मला तिच्या सासऱ्याचंसुद्धा नाव पाठ आहे.
मॅडमने मान खाली घातली, हसू दाबायला असेल किंवा दुसऱ्या कशाला. मग म्हणाली, जाऊ द्या काका, अंगठा लावा. मशीनवर आधारचा अंगठा लगेच जुळला. यादीत सहीवर रेघ मारून बाजूला निळ्या पॅडचा अंगठा घेतला. मी अंगठा दाबत होतो तेव्हा झुंबरबाई म्हणाली, भाऊ, पेन घिऊ का, त्या पोरीकून स्लिप भरून घेते, जल्दी देते, जीप जाईल माझी. मी मान डोलावली.
अंगठा पुसून बाहेर आलो तोवर जीप गेली होती. झुंबरबाईही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी ९
अंगठ्याची शाई अजून गेली नाही.
टोपण माझ्याकडे आहे. आज सफारीच्या वरच्या खिशाला नुसतं टोपण लावलं आणि आरशात पाहिलं. सोनेरी क्लिप तेवढी दिसते. बाहेरून कोणाला कळत नाही की आत पेन नाही. आबांनाही हे ठाऊक असणार.
लेख रद्द.
बँक साडेदहाला उघडते. झुंबरबाईचं केवायसी झालं असेल तर ती यायची नाही. झालं नसेल तर येईल, पेनही आणील. काल गडबडीत तिला नाव सांगायचं राहून गेलं. ते आज सांगायचं.