खालचे चार कॉलम

सोम. ८ सप्टें.
चाकणची बातमी आज पुन्हा पानावरून गेली. पॉवर प्रेसखाली कामगाराचा हात गेला, आणि कंपनी म्हणते, तो त्या शिफ्टला नव्हताच. डमीच्या, म्हणजे पानाच्या कच्च्या आराखड्याच्या, कागदावर आठ कॉलमचं ग्रिड आखून डावीकडचे खालचे चार बातमीसाठी ठेवले होते. साडेसहाला त्याच कंपनीची जाहिरात आली. डावीकडे, खाली, चार कॉलम. उंचीसुद्धा तीच. शिक्षक दिनाच्या शुभेच्छा, तीन दिवस उशिरा!
चीफ म्हणाले, "उद्या घेऊ." शुक्रवारीही हेच म्हणाले होते.

मंगळ. ९
कामगाराच्या बायकोचा, मंगलाताईंचा फोन. "साहेब, आज तरी येतंय का? छापून आलं तर संगटचे दोघं साक्ष देतो म्हणालेत. नसता रविवारी गावाकडं चाललेत."
बातमीची जागा कंपनीला आधीच कळतेय. डमी पाहणारे तिघंच. मी, चीफ, आणि पान लावणारा विलास. विलास चौदा वर्षं माझ्या शेजारी बसतोय.
आजही तेच. चार कॉलम गेले.

गुरु. ११
दोन डमी काढल्या. चीफना दाखवली तिच्यात बातमी तळाला, पाच कॉलम. विलासला दिली तिच्यात वर उजवीकडे, तीन. काढताना लाज वाटली.
जाहिरात वर उजवीकडे आली. तीन कॉलम. ती जागा एरवी कुणी मागत नाही.
चहा विलासनेच आणला. प्यालो.

शुक्र. १२
विचारलंच शेवटी. विलास भडकला. "सर, माझ्यावर? तुमचा कागद दुपारभर माझ्या मॉनिटरला चिकटवलेला असतो. चीफसाहेब रोज चारला येऊन बघून जातात."
"कालही?"
"कालही. बघून हसले जरा."
आता काय...

शनि. १३
मंगलाताई : "दोघांची सकाळची गाडी हाय."
आज कागदच नाही. विलासजवळ खुर्ची ओढली.
"डमी?"
"डोक्यात आहे. सांगतो तसं लाव."
जाहिराती लागल्यावर सगळं पान भरलं, मधले चार कॉलम कोरे ठेवून. पावणेसातला बातमी तिथे सोडली. नेमकी बसली. तेवढ्यात टेबलावर पालथा ठेवलेला विलासचा मोबाइल थरथरला. "घरचा असेल," म्हणाला. उचलला नाही. मीही उचल म्हणालो नाही.
पान चीफकडे सहीला गेलंय. एरवी दोन मिनिटं लागतात. वीस झाली.