पहिले तीन घोट

मी, यादव लीलाधर महाजन, वय अडतीस, धंदा पूर्वी कुस्ती व आता केळीची बाग, राहणार राजपुरा, बुऱ्हाणपूर, आपल्या मागची व्यवस्था आपल्याच हाताने लिहून ठेवत आहे. माझे यकृत बिघडले आहे, डोके नाही. हात कापतो म्हणून अक्षर वाकडे येईल. त्यावर बोट ठेवून कोणी ‘यादवचे चित्त ठिकाणावर नव्हते’ असे म्हणू लागला, तर तो माझा धाकटा भाऊ प्रभाकर असेल, हे आधीच नोंदवतो.

गेल्या नोव्हेंबरात नागपूर सुटले आणि आपला कारभार भोपाळकडे गेला. कचेरीत आता हिंदीचा जोर आहे. या कागदाचा तर्जुमा करणाऱ्याने चौथ्या कलमातले एकही वाक्य गाळू नये. एक नक्कल मी इंदूरच्या डॉक्टरांकडे ठेवली आहे, म्हणजे काय गाळले ते लगेच कळेल.

१. राजपुऱ्यातले घर आणि तापीकाठची तीन एकर बाग, विहिरीसह, माझी पत्नी शारदा हिची. घर माझ्या कमाईचे आहे, बाग वाटणीत मला आली आहे. ‘वांझ बाईला घर कशाला’ असे आमच्या घरात दोनदा बोलले गेले. पहिल्यांदा माझी आई सोजरबाई बोलली, दुसऱ्यांदा प्रभाकर. तिसऱ्यांदा बोलण्याआधी दोघांनी चौथे कलम वाचावे.

२. बैलजोडी व गाडी प्रभाकरला. १९५३ साली मी त्याचा उजवा हात मोडला. माझी छाती बाईसारखी सुटत चालली होती, त्यावर तो हसला, एवढेच. त्या दिवसांत राग आला की मला समोरचे माणूस दिसत नसे. बैल त्या हाताबद्दल आहेत, प्रेमाने दिले असा समज त्याने करून घेऊ नये.

३. मेळ्यातल्या कुस्त्यांच्या दंगलीत जिंकलेली चांदीची गदा माझे गुरू गोटू वस्ताद यांना परत. तिच्यासोबत मेणकापडात बांधलेली एक पुडी आहे. ती वस्तादांनी चारचौघांत दुधात घालून स्वतः प्यावी. आधी दुसऱ्या कोणाला चाखू देऊ नये.

४. आता त्या पुडीविषयी. १९५० साली वस्तादांनी मला रोज एक याप्रमाणे पुड्या द्यायला सुरुवात केली. म्हणाले, ‘गुरूचं भस्म हाय, पुसायचं न्हाई.’ आखाड्यात पट्ठा वस्तादाला विचारत नसतो, मीही विचारले नाही. सहा महिन्यांत अंग दुप्पट झाले. पाठीवर गळवे उठली, ती ताकदीची गर्मी समजून मी मिरवली. दोन वर्षे मला कोणी चीत केले नाही.

आमच्यात दंगलीच्या दिवशी पहिलवानाची थंडाई घरच्या माणसाने आधी चाखायची रीत आहे, कारण समोरच्या आखाड्याचा भरवसा नसतो. मला तर कोणाचाच नव्हता. मी ती रीत रोजची केली. पुडी मी स्वतः दुधात ढवळायचो आणि पहिले तीन घोट शारदेने माझ्यासमोर घ्यायचे. गवळ्यावर, भावावर, शेजाऱ्यांवर, सगळ्यांवर माझा संशय होता. फक्त पुडीवर नव्हता.

पुढे माझी भूक मेली, डोळे पिवळे पडू लागले. आई म्हणाली, ‘तुह्या बायकोच्या हातात काही हाय. तिले जास्त पेऊ दे पहिले.’ मला ते पटले. तीन घोटांचा अर्धा पेला झाला.

त्याच सुमारास शारदा महिन्याची बाहेर बसेनाशी झाली. आईने पेढे वाटले. पाच महिने गेले तरी पोट दिसेना, तेव्हा तीच आई तिला नाही नाही ते बोलली. मग शारदेचा आवाज फाटला, जाड झाला. हनुवटीवर केस आले. गल्लीत तिला ‘बाप्या’ म्हणू लागले. ती पाण्याला तोंड झाकून जाऊ लागली आणि चारचौघांत बोलणेच तिने सोडले. मी तिच्या बाजूने एक शब्द काढला नाही. उलट ही करणी करते आणि ती तिच्यावरच उलटली, असे मला वाटत होते.

१९५५ साली मला कावीळ झाली आणि पुडीचे दूध सुटले. चार महिन्यांनी शारदा पुन्हा बाहेर बसली. हे सुईण धुरपदाबाईने हेरले आणि मला अंगणात उभे करून विचारले, ‘तुम्ही दोघं काय सोडलं रे?’ म्हणून मी उरलेल्या दोन पुड्यांपैकी एक घेऊन शारदेसह इंदूरला गेलो. डॉक्टरांनी ती तपासून घेतली. पुरुषाच्या अंगात जो रस असतो, त्याच्या विलायती गोळ्यांचा तो चुरा होता. वस्तादांचा जावई औषधांच्या दुकानात आहे, एवढेच लिहितो. डॉक्टर म्हणाले, मूल न होण्याचा दोष माझ्यात आहे, माझे बीजच सुकले आहे. इतक्यात शारदेने पाणी मागितले. तिचा आवाज ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले. ‘इन्होंने भी ली थी क्या?’

परतताना गाडीत शारदा म्हणाली, ‘मले चव कळे. दूध बिघडेल लागे. पन तुमचा भरोसा बसावा म्हनून पेत होती.’

म्हणून लिहून देतो की माझी बायको वांझ नाही, करणीवाली नाही. तिचे जे बिघडले, ते मी रोज समोर बसवून बिघडवले. मला त्याची लाज वाटते. आवाज परत येणार नाही, असे डॉक्टर म्हणाले.

५. तो पितळी पेला मोडीत घालावा. कोणाच्या घरी जाऊ देऊ नये.

६. माझ्या तेराव्याला, आई, प्रभाकर आणि वस्ताद समोर बसले असताना, हा कागद शारदेनेच मोठ्याने वाचावा. आवाजाला कोणी हसला, तर त्याने पंगतीतून उठावे.

साक्षीदार:
१. श्रीकांत नंदकुमार चौधरी, शिक्षक, राजपुरा (सही)
२. धुरपदाबाई, सुईण, राजपुरा (डाव्या अंगठ्याचा ठसा)

सही करण्याआधी मजकूर वाचून घ्यायचा असतो. चौधरी मास्तरांनी वाचायची तयारी दाखवली होती. मी शारदेला वाचायला सांगितले. तिने साक्षीदारांसमोर, तोंडावरचा पदर काढून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी कागद मागून ताडून पाहिला नाही.

यादव लीलाधर महाजन (सही)
बुऱ्हाणपूर, ता. १७ फेब्रुवारी १९५७