डोंगराच्या बाजूची सीट

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने वा लाडीगोडीने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने, माझ्या पश्चात मालमत्तेची व्यवस्था लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते लिहिलं तेव्हा मुलाचं बोलणं माझ्या कानावर आलेलं नव्हतं.

१. दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली ठेव मुलगा व मुलगी यांना समसमान.

२. शिलाई मशीन मुलीला. तिला शिवता येत नाही, पण निदान त्यावर कपड्यांचा ढीग रचू नये.

३. तंबू धाकट्या दिरांना. दर सुट्टीत आमचे हे (आता हयात नाहीत) आणि दीर मिळून सगळ्यांना व्हॅनमध्ये कोंबून समुद्रकाठच्या रस्त्याने न्यायचे. लॉजचा खर्च वाचावा म्हणून तंबू मी उरल्यासुरल्या ताडपत्रीचा शिवला. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," हे म्हणायचे. त्या तंबूत पाय पसरायला जागाच नव्हती. भातात वाळू, चादरींना कुबट वास, आणि पेट्रोल पंपामागचा तो संडास, ज्याच्या आठवणीने आजही घास घशाखाली उतरत नाही. मी खाऱ्या पाण्यात कढई घासत असताना दीर लोकांना सांगायचे, "वहिनींना फुकटात समुद्र दाखवला." आयजीच्या जिवावर बायजी उदार. तंबू न धुता द्यावा.

४. स्टो भंगारात घालावा. तो कलंडू नये म्हणून पायांत धरून मी मागे, डोंगराच्या बाजूला बसायची. खिडकीत नुसता फोडलेला दगड. येताना समुद्र माझ्या बाजूला आला असता, तर डिझेल वाचावं म्हणून आतला रस्ता. मोठ्या वळणावर समुद्र बघायला सगळं जग थांबतं. आम्ही नाही, तिथे पार्किंगला पैसे पडतात. एवढ्या वर्षांत समुद्र म्हणून मी जे पाहिलं ते भांडी घासायचं पाणी.

५. माझी राख. गेल्या महिन्यात मुलगा बहिणीला फोनवर म्हणाला, "आईची राख त्याच वळणावरून सोडू. आईला ती ट्रिप किती आवडायची." मला शिसारी आली. राख कुठल्याही झाडाला घालावी, समुद्रात नाही.

६. व्हॅन सुनेला, एकटीला. बायकांना कर कमी म्हणून यांनी ती माझ्या नावावर घेतली होती. काटकसर अशी कुठेतरी फळाला येते. फोन ठेवून मुलगा सुनेला म्हणाला, "सुट्टीत आपणही तसंच जाऊ. तू स्टो धरून मागे बस, आई बसायची की." सून काही बोलली नाही. पहिल्या वर्षी मीही बोलले नव्हते.

म्हणून किल्ली आजच तिच्या हातात दिली आहे. त्यासाठी तिला माझ्या मरणाची वाट बघावी लागू नये. गाडी ती चालवील. मुलाने मागे, डोंगराच्या बाजूला बसावं. वळणावर तिने थांबावं आणि मन भरेपर्यंत बघावं. पार्किंगचे पैसे माझ्याकडून.

"तिला गाडी कुठे येते?" असं मुलगा विचारील. ती दुपारी शिवणाच्या क्लासला जाते, अशी त्याची समजूत आहे.

साक्षीदार:
१. खालचे औषधवाले (सही)
२. ड्रायव्हिंग क्लासच्या बाई (सही)

लिहून देणार: शिवणवाल्या काकू (सही)
स्थळ: माझी खोली, मशीनपाशी
दिनांक: सूनबाई पास झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी