समुपदेशक बघण्याचा कार्यक्रम

विश्रांतवाडी, पुणे
९ जानेवारी २०२५

चि. सौ. कुसुम हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललो की तुझी सुशीलावहिनी शेजारून दुरुस्त्या सुचवते, म्हणून पत्र. आपल्या शुभंकरची रुपाली महिना झाला माहेरी, कात्रजला आहे. तिचं म्हणणं, शुभंकरनं तिच्याबरोबर विवाह-समुपदेशकाकडे यावं. तो शिकलेला, रीतसर नोंदणी असलेला हवा, ओळखीतला नको. नाहीतर वकील. शुभंकर हो म्हणतो आणि लॅपटॉप उघडतो. मग सुनेचा बाप नसलो तरी सासरा आहे, म्हणून शोध मीच हाती घेतला. पाच जणांकडे बायोडाटा मागितला. चौघांनी फोन ठेवला. एक बाई या म्हणाल्या. १९ तारखेला बघायला जातोय.

काळजी करू नकोस, मी करतोय.
तुझा दादा, हिंमतराव

अकोला
१४ जानेवारी

ती. दादास कुसुमचा सा. न.

बघायला म्हणजे काय रे? माझ्यासाठी सोळा मुलं बघितलीस, त्यातल्या एकाला पोह्यांत मीठ कमी म्हणून नकार दिलास. तो आमच्याच गल्लीत राहतो, सुखात आहे. त्या बाईंकडे पोह्यांची वाट बघू नकोस. आणि संसार कोणाचा आहे, एवढं वहिनीला विचारून जा.

लोभ आहेच, थोडा धीरही धर.
कुसुम

विश्रांतवाडी
२३ जानेवारी

चि. सौ. कुसुम, आशीर्वाद.

तुझं पत्र येईपर्यंत मी सुशीलेला आणि एक नारळ घेऊन जाऊन आलो होतो. पदवी, नोंदणी, मूळ गाव, सगळं विचारलं. बाईंनी भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं. मग मी त्यांचं स्वतःचं लग्न कसं चाललंय ते विचारलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि सून घरातून का गेली असं विचारलं. मी घसा साफ करतोय तोवर त्या सुशीलेकडे वळल्या. सुशीला म्हणाली, की पोरांच्या खोलीतला पडदा, त्यांची गाडी, सुट्टीचं गाव, सगळं हेच ठरवतात, मुलगा मान हलवतो. आता समुपदेशकही हेच पसंत करतायत. चाळीस वर्षांत ती माझ्यासमोर एवढं सलग बोलली नव्हती. नारळ माझ्या मांडीवरच राहिला.

घरी येऊन शुभंकरला म्हटलं, तुझं तू बघ. तो आधी घाबरला, दुसऱ्या दिवशी कात्रजला गेला. दोघांनी मिळून कोणीतरी तिसरंच निवडलंय. नाव मला सांगितलेलं नाही. शनिवारी अकराची वेळ आहे, एवढं सुशीलेकडून कळलं.

त्या वेळात मी नारळ खवत बसणार आहे. हात गुंतले की फोन लावता येत नाही. वड्यांत साखर किती घालायची, ते सुशीला ठरवेल.

माया असू दे. सल्लाही चालेल.
दादा