विकायला घेतलेलं घर

धाराशिव, ता. १२ फेब्रुवारी २०२४

ती. कस्तुरा आत्यास,
हर्षालीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवरचं ध्यानात राहत न्हाय, माझे पैसे नेलेस तर कागदावर कळव, असं तुम्ही म्हणालात. म्हणून हे पत्र. घर घेतलं. मशिदीमागच्या गल्लीत तीन खोल्या, आठ वर्षं कुलूप होतं. दुरुस्त करून विकायचं.

दादा अजून माझ्याशी बोलत न्हायत. बहिणीची नर्सची बत्तीस वर्षांची कमाई पोरीनं पडक्या घरात घातली, असं गावभर सांगतात. तुमच्या निवृत्तीच्या पैशाला धक्का लागला तर वाशीत पाय ठेवायची मला सोय न्हाय, हे मी जाणून आहे. पण भिंती खणखणीत आहेत. शंभुलिंग गवंडी कामाला लागलाय. स्वयंपाकाचा ओटा पूर्वेला घेतलाय, पुढच्या खोलीला मोरपंखी रंग द्यावा म्हणते.

माया ठेवा, आणि रागवायचं तर पत्रातच रागवा.
तुमची हर्षाली

वाशी, ता. २० फेब्रुवारी

चि. हर्षालीस, अ. उ. आ.

पत्र पोचलं. शेजारच्या नागम्मालाबी वाचून दाखवलं. तुझ्या बापाकडं लक्ष देऊ नको. आमचा बजरंग एक बैल घ्यायलासुदिक चार बाजार हिंडायचा. पैसे म्या दिलेत, त्यानं न्हाय.

मोरपंखीचं खूळ तेवढं काढ. तिथं तू राहणार हायेस का? बदल्यांपायी म्या भाड्याच्या अकरा खोल्या बदलल्या. खोली बघताना आधी पाणी कधी येतं ते विचारायची, रंगाकडं कोण बघतंय.

आपल्या घरात घर घेणारी बाई तूच पहिली. मला लई अभिमान वाटतोय, पण तोंडावर सांगणार न्हाय. जेवत जा, आत्याला विसरू नको.
कस्तुरा आत्या

धाराशिव, ता. १२ ऑगस्ट

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

तीन महिने तुम्हाला लिहायचा धीर झाला न्हाय. घर मे महिन्यातच तयार झालं. रंग साधाच दिला. माणसं यायची, वाहवा करायची, कळवतो म्हणून जायची आणि परत यायची न्हाईत. झोप उडाली होती.

मग गॅरेजवाले मुनवरभाई आई अन् बायकोला घेऊन आले. आई बिस्मिल्लाबींनी ओट्यावरून हात फिरवला, संडासाचं दार उघडलं, मिटलं आणि चपला घालून निघाल्या. मी सुनेला, यास्मिनला, गाठून विचारलं. ती लाजत म्हणाली, संडासाचं भांडं पश्चिमेला तोंड करून बसवलंय, आमची नमाजाची दिशा ती. तिकडं तोंड किंवा पाठ करून आम्ही बसत न्हाय.

पाइप जवळ पडतो म्हणून शंभुलिंगनं तसं बसवलं, आणि मी ओट्याची दिशा बघत बसले. सगळी गल्ली मुसलमानांची, आणि मी एका दारात जाऊन विचारलं न्हाय. लई लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी नव्या फरश्या फोडून भांडं उत्तर-दक्षिण फिरवलं. मग बिस्मिल्लाबींकडं जाऊन चूक कबूल केली, घर घ्या न घ्या, एकदा येऊन बघा म्हणाले. त्या आल्या. शुक्रवारी खरेदीखत झालं.

आत्या, तुमचे पैसे सुटले, वर नफाही झाला. आता न्हाय म्हणू नका. कॉलेजजवळ दोन खोल्या विकायला निघाल्यात, भाड्यानं द्यायला झकास आहेत. खरेदी तुमच्या नावावर करायची. बावीस तारखेला, गुरुवारी, पहिल्या एसटीनं आधार, पॅन घेऊन या.
वाट बघणारी हर्षाली

वाशी, ता. २५ ऑगस्ट

चि. हर्षालीस, अ. उ. आ.

गुरुवारी खरेदीच्या कचेरीत कारकुनानं घेणार कोण म्हणून विचारलं, तवा म्या मागं वळून बघितलं. मग ध्यानात आलं, म्याच की. दस्तावरचं नाव अजून उघडून वाचते.

बजरंग काल आलता. पोरीनं नवाकोरा संडास फोडला अन् घर विकून दाखवलं, असं आता गावभर सांगतोय. आधी काय म्हणत होता, त्याला काय बी आठवत न्हाय.

भाड्यानं दवाखान्यातली ती नवी नर्स पोरगी ठेवायची, असं त्या दिवशी म्हणालीस, ठेव. भाडं एक तारखेला घ्यायचं, त्यात माया नको. फक्त भिंतीला खिळा मारायचा म्हणाली तर अडवू नको. अकरा घरमालकांत एकानंबी मला खिळा मारू दिला न्हाय. आमच्या ह्यांचा हार घातलेला फोटो एवढी वर्षं ट्रंकेवर टेकवून ठेवला, केर काढताना पडायचा. तिला सांग, पाहिजे तितके मार म्हणावं, मालकिणीनं सांगितलंय.

तुझी आत्या,
कस्तुराबाई, घरमालकीण