केळझरचे दोन गणेश

सिंदी, मंगळवार, संध्याकाळ

वजनकाट्याचा कॉम्प्युटर आन् दुकानातलं बिलिंग एकमेकाले जोडाचं हाय, म्हणून आज दोन सॉफ्टवेअर तपासले. दोघांलेही आपल्याले कापूस देणाऱ्या शेतकऱ्यांची तीच यादी देल्ली. पहिलं घडीघडी थांबते आन् विचारते, "हे दोन गणेश एकच काय?" गणपतीच्या कृपेनं केळझरात घरोघरी गणेश, त्याले तरी काय बोलावं! दुसरं मात्र सरसर गेलं. एकही प्रश्न नाई. माझा धाकटा भाऊ विलास तर खूशच. "दादा, हेच घेऊ. पाय ना, किती साफ काम!"

साफ. तेच तर मले खुपून राह्यलं. एकही प्रश्न कसा नाई पडला त्याले? आन् विलासले तरी काऊन नाई पडला? का हा कंपनीले आधीच हो म्हणून बसला?

शेवटी त्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या माणसाले मीच विचारलं, "आमचे केळझरचे गणेश दोन. यात एकच कसा?"

तो हसला. "सर, दुसरा डुप्लिकेट होता. आपोआप काढून टाकला."

मी खिडकीबाहेर पाह्यलं. तो "डुप्लिकेट" गणेश काट्यावर कापसाची गाडी लावून मले हात हालवून राह्यलता.